पटावर किती, मैदानावर किती

प्रिय ताई,

आयोवातल्या एका लहान गावात आम्ही अकरा वर्षं राहतोय. हे इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. मुलगा दहावीत आहे आणि शाळेच्या फुटबॉल टीममध्ये खेळतो. फुटबॉल म्हणजे इथलं, हेल्मेट घालून खेळतात ते. शाळेत नववी ते अकरावी मिळून १०९ मुलं-मुली आहेत. टीममध्ये १९ जण होते, दोघं दुखापतीमुळे बसलेत. सातपैकी सहा सामने हरलो. गेल्या शुक्रवारी एका कॅथलिक शाळेने ६२-० हरवलं. तिथे पाच-सहा गावांतली मुलं येतात, तरी ती शाळा आणि आमची शाळा एकाच गटात! तिसऱ्या क्वार्टरमध्ये मुलगा खाली पडला तेव्हा त्याला उठायला वेळ लागला. माझा जीव वरखाली झाला.

ह्यांचं म्हणणं, ही सरळसरळ फसवणूक आहे. त्याला पंचवीस मैलांवरच्या मोठ्या शाळेत घालू, नाहीतर खेळ सोडू दे. मुलगा म्हणतो, ‘मी गेलो तर सोळाच उरतील.’ दोन दिवस बापलेकांत बोलणं नाही. खासगी शाळांविरुद्ध काही पालक सह्या गोळा करताहेत, तो कागद आमच्याकडेही आलाय. शिवाय नोव्हेंबरमध्ये स्कूल बोर्डापुढे अकराऐवजी आठ जणांच्या फुटबॉलचा विषय येणार आहे, पण गावातली जुनी मंडळी विरोधात आहेत. सही करू का? मुलाला हलवू का?

— एक आई, आयोवा

*

आधी त्या पडण्याचं विचारते, बाकी सगळं नंतर. त्या रात्री त्याचं डोकं दुखत होतं का? उजेडाचा त्रास होत होता का? शनिवारी तो नेहमीपेक्षा जास्त झोपला, चिडचिडा झाला, अभ्यासाला बसल्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला, असं काही? घरात डॉक्टर आहेत म्हणजे हे सगळं विचारून झालं असेल, असं धरून चालू नका. स्वतःच्या मुलापुढे डॉक्टर आधी बाप असतो, आणि हा बाप तर दोन दिवस बोललेलाच नाही. यातलं एक जरी लक्षण दिसलं असेल तर आजच्या आज कोचला कळवा. डोक्याला मार लागल्याची शंका आली की मुलाला बाहेर काढायचं आणि वैद्यकीय लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये पहिल्यांदा केला. पुढच्या काही वर्षांत तो सगळ्या ५० राज्यांत झाला. पण मूल बोललंच नाही तर कायदा काय करणार? टीममध्ये माणसं कमी असली की मुलं दुखणं लपवतात. ‘मी गेलो तर सोळाच उरतील’ म्हणणारा मुलगा तर हमखास लपवेल.

आता तुमच्या यजमानांच्या रागाकडे येते. राग मला समजतो. पण फसवणूक झालेली नाही. नियम पाळूनही माणसाच्या वाट्याला अन्याय येऊ शकतो, आणि इथे तसंच झालंय. दोन्हींत फरक करायला हवा, कारण लबाडी धरायची तर लबाड शोधावा लागतो, आणि तो शोधता शोधता खरं दुखणं बाजूला राहतं.

गट कसे पडतात ते आधी सांगते. बहुतेक पालकांना ते नीट माहीत नसतं. आयोवात नववी ते अकरावीची पटसंख्या धरतात. सगळ्यांत मोठ्या ३६ शाळा पाच-ए, पुढच्या ३६ चार-ए, त्यापुढच्या ३६ तीन-ए, मग ४८ शाळा दोन-ए, आणखी ४८ एक-ए. अशी वरून मोजणी करत आलं की अकरा जणांचं फुटबॉल खेळणाऱ्या ज्या शाळा खाली उरतात त्या सगळ्या ‘ए’ गटात. आठ जणांचं खेळणाऱ्यांचा गट वेगळा. ही मांडणी दोन-दोन वर्षांसाठी असते. २०२३ ला झाली, २०२५ ला झाली.

म्हणजे तुमच्या गटात एका टोकाला तुमची १०९ पटाची शाळा आहे आणि दुसऱ्या टोकाला तिच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या पटाची शाळा असू शकते. कागदावर दोघी एका पंक्तीत. मोठ्या शाळांच्या बाबतीत असा फरक पचून जातो, कारण हजार पोरांच्या शाळेला ४५ खेळाडू सहज मिळतात आणि सतराशेच्या शाळेलाही तेवढेच पुरतात. लहान शाळेत मात्र एकेक डोकं मोलाचं. १०९ मधले निम्मे मुलगे धरले तर पंचावन्न, त्यात बारावीचे पंधरा-वीस मिळवा. त्यांतला कोणी धावण्याच्या टीममध्ये, कोणी शाळा सुटली की शेतावर मक्याच्या कापणीला, कोणाच्या आईने नाही म्हटलेलं. उरले १९.

माझं लहानपण सांगलीकडे गेलं. गावच्या यात्रेत कुस्त्या लागायच्या तेव्हा पोरांची जोड वस्ताद लावत. दोन पोरांना मधे ओढायचे, खांद्याला खांदा लावून उभे करायचे, दंड दाबून बघायचे, वय विचारायचे, आणि मग त्यांचे हात वर करून जोड जाहीर करायचे. एखाद्याला वाटलं की जोड बरोबर नाही, तर तो तिथेच ‘जोड सोडवा’ म्हणून ओरडायचा आणि वस्ताद ती सोडवायचेही. वजनकाटा नव्हता, पण डोळा होता. आता नुसत्या हजेरीपटावरून जोड लावली तर काय होईल विचार करा. अमेरिकेतल्या राज्य संघटना शेकडो शाळांच्या जोडी लावतात. प्रत्येकीचा दंड दाबून बघणं त्यांना शक्य नाही, म्हणून त्यांनी मोजायला सोपी गोष्ट धरली, ती म्हणजे पट. पट खोटं बोलत नाही, फक्त फार थोडं सांगतो.

हे त्यांनाही कळतं. म्हणून प्रत्येक राज्य त्यावर काही ना काही ठिगळ लावत बसलंय. इलिनॉयमध्ये ज्या शाळांना हद्द नाही, म्हणजे कुठूनही मुलं घेता येतात, त्यांचा पट २००५ पासून १.६५ ने गुणून धरतात. इंडियानाने २०१२ मध्ये वेगळी वाट काढली : शाळा खासगी की सरकारी हे बघायचंच नाही, दोन वर्षांत प्लेऑफमध्ये ठरावीक गुण कमावले की तिला वरच्या गटात ढकलायचं. ओहायोमध्ये शाळांनी तीन वर्षं ओळीने प्रस्ताव नाकारले आणि चौथ्या खेपेला, २०१४ मध्ये, एक पद्धत मान्य केली. ती २०१७ पासून लागू झाली. तिथे टीमची यादी हातात घेऊन एकेका खेळाडूचं घर बघतात. आईबाप शाळेच्या हद्दीत राहतात का, मूल सातवीपासून याच शाळापट्ट्यात शिकतंय का, त्यावरून पटात जास्तीची डोकी मिळवतात. वस्तादाच्या नजरेच्या त्यातल्या त्यात जवळ जाणारी हीच पद्धत. पण तिच्यासाठी किती कागद रंगवावे लागतात ते तिथल्या ॲथलेटिक डायरेक्टरांना, म्हणजे शाळेचे खेळ सांभाळणाऱ्यांना, विचारावं.

तुमच्या आयोवाने खासगी शाळांना गुणायचा रस्ता धरला नाही. त्यांनी उलट्या बाजूने हात घातला, आणि मला तो मनापासून पटतो. २०२३ च्या सीझनपासून फुटबॉलचे गट पाडताना शाळेतली जी मुलं मोफत किंवा सवलतीचं जेवण घेतात, त्यांच्या संख्येच्या ४० टक्के पटातून वजा करतात. ३०० पटाच्या शाळेत अशी १५० मुलं असतील तर ६० वजा, शाळा २४० ची धरली जाते. मिनेसोटातही अशीच ४० टक्क्यांची वजावट आहे. ज्या घरात पोरगं संध्याकाळी कामाला जातं, ज्या घरात बुटांना आणि उन्हाळी शिबिराला पैसे नाहीत, ते पोरगं पटावर असतं पण मैदानावर येत नाही. हे कोणीतरी आकड्यात मान्य केलं, ही लहान गोष्ट नाही. शहरातल्या मोठ्या आणि गरीब शाळा वर्षानुवर्षं श्रीमंत उपनगरांच्या शाळांकडून मार खात होत्या. ‘तुमच्याकडे पोरं तर भरपूर आहेत की’ एवढंच त्यांना ऐकवलं जायचं.

आता तो सह्यांचा कागद. माझं मत विचारलंत म्हणून सांगते, सही करू नका. त्या पालकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पाच-सहा गावांतून मुलं येणाऱ्या शाळेचा आणि एकाच गावाच्या शाळेचा पट एकाच मापाने मोजणं चुकीचंच आहे. शिवाय २०२३ मध्ये आयोवाने खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा द्यायचा कायदा केल्यापासून लोकांची मनं आधीच तापलेली आहेत. पण हिशेब करून बघा. उद्या ती कॅथलिक शाळा वरच्या गटात गेली. तिच्या जागी दुसरी आली, सरकारी, शेजारच्या काउंटीतली, ४० पोरांची. तुमची १७ पोरं तिच्याकडून ४८-० हरतील. तुमच्या मुलाच्या अंगावर तेवढंच ओझं राहील.

ओहायोच्या पश्चिम भागात मर्सर काउंटीत मरिया स्टाइन नावाचं शेतीवाल्यांचं गाव आहे. तिथली मॅरियन लोकल ही सरकारी शाळा, सगळ्यांत लहान शाळांच्या गटांत खेळणारी. २००० पासून २०२४ पर्यंत तिने राज्याची १५ अजिंक्यपदं मिळवली. तिथे कोणी लांबून पोरं आणत नाही. तिसरी-चौथीपासून तीच पोरं एकत्र खेळतात, बाप खेळलेला असतो, काका कोच असतो, आणि ज्याला हेल्मेट पेलतं असा जवळजवळ प्रत्येक जण टीममध्ये येतो. असल्या शाळेला कुठल्या गुणकाने गुणणार? तिचा पट लहान आणि मैदान भरलेलं. तुमच्या शाळेचा पट लहान आणि मैदानही रिकामं. दुखणं तिथे आहे. ती सही त्याच्यावर औषध नाही, आणि पलीकडच्या शाळेतल्या ज्या पोरांनी तुमच्या मुलाला हात देऊन उठवलं असेल, त्यांच्या नावाने ती उगाच एक कागद तयार करते.

मुलाला मोठ्या शाळेत हलवायचं का? या कारणासाठी नको. नियमाचं आधी बघा : घर न हलवता शाळा बदलली तर आयोवात, काही अपवाद सोडले तर, शाळेचे ९० दिवस मुलाला मुख्य टीममध्ये खेळता येत नाही. ९० दिवस म्हणजे निम्मं शैक्षणिक वर्ष. अपवाद अलीकडे वाढलेत, तेव्हा काही ठरवण्याआधी दोन्ही शाळांच्या ॲथलेटिक डायरेक्टरांकडून लेखी घ्या, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. पण समजा नियमाची अडचण दूर झाली, मग पुढे? तीन-ए च्या शाळेत साठ-सत्तर पोरं असतील. दहावीचा, सात सामन्यांपैकी सहा हरलेल्या टीममधून आलेला, अनोळखी मुलगा तिथे बाकावर बसेल. बाकावर बसणं वाईट नाही, पण मग ज्या खेळासाठी शाळा सोडली तो खेळही नाही आणि आपली माणसंही नाहीत.

त्याची माणसं कोण, हे त्याने तुम्हाला एका वाक्यात सांगितलंय. तुम्ही ते तक्रारीसारखं लिहिलंत. मी ते वाचून थांबले. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही त्या गावात गेलात तेव्हा तो चार-पाच वर्षांचा असेल. कॉनराडच्या वेव्हरवर, म्हणजे डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करायच्या अटीवर मिळणाऱ्या व्हिसाच्या सवलतीवर, तीन वर्षांसाठी म्हणून अशा गावांत गेलेली आणि मग तिथेच रमलेली आपली डॉक्टर कुटुंबं मी खूप पाहिलीत. आईबाप शनिवार-रविवारी दोन-दोन तास गाडी हाणून गणपतीला, दिवाळीला शहरात जातात, आपली माणसं तिथे आहेत म्हणतात. मुलाची आपली माणसं शुक्रवारी रात्री त्या दिव्यांखाली असतात. त्याच्या एका बाजूला ज्याच्या घरी डुकरं पाळतात तो, दुसऱ्या बाजूला ज्याची आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये वाढते तो. मधे आपला कुलकर्णी किंवा पाटील. त्याला हे गाव आपलं वाटतं ते या सोळा जणांमुळे. ‘मी गेलो तर सोळाच उरतील’ यात हट्ट नाही. त्याला आपली जबाबदारी कळली आहे, आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती कळणं ही तुम्हा दोघांची कमाई आहे.

माझी मुलगी अशाच एका शाळेच्या बँडमध्ये होती, म्हणून चार वर्षं शुक्रवार मी ब्लीचर्सवर, मैदानाकडेच्या पायऱ्यांच्या बाकांवर, काढले. एक दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. हाफटाइमला बाकीची टीम लॉकररूमकडे गेली आणि एक लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू, उलटा फिरून बँडकडे धावत आला. शोल्डर पॅड तसेच, पँटवर गवताचे हिरवे डाग, कोपराला चिखल. कोणीतरी त्याच्या हातात ट्रॉम्बोन दिला, त्याने हेल्मेट खाली गवतात ठेवलं आणि रांगेत आपल्या जागी उभा राहिला. वाजवून झाल्यावर हेल्मेट उचललं आणि परत धावला. बँडलाही तो हवाच होता, टीमलाही. मोठ्या शाळेत या दोन जागांवर दोन मुलं असतात आणि आणखी चार जण रांगेत. लहान शाळेत एका मुलाला सगळं व्हावं लागतं. यात मोठेपण आहे आणि थकवाही आहे. तुमच्या मुलाला आत्ता दोन्ही मिळतंय.

त्या थकव्याबद्दल मात्र मी तुमच्या यजमानांच्या बाजूची आहे, अगदी पुरती. १७ पोरांनी अकरा जणांचं फुटबॉल खेळायचं म्हणजे तीच पोरं ऑफेन्समध्ये, तीच डिफेन्समध्ये, तीच किकच्या वेळी. समोरच्यांची पहिली फळी बाहेर बसून पाणी पिते तेव्हा तुमचा मुलगा मैदानावरच असतो. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पाय जड होतात, मान खाली जाते, आणि मान खाली घालून अंगावर जाणं हीच या खेळातली सगळ्यांत धोक्याची गोष्ट. त्यातून दोघं बसले की त्यांच्या जागी नववीतलं पोर उभं करावं लागतं. चौदा वर्षांचं पोर, हेल्मेट अजून डोक्याला बसत नाही, आणि समोर अठरा वर्षांचा, गोदामात पोती उचलणारा गडी. अशी जोड आमच्या यात्रेत कोणी लावली असती तर बायकांनी वस्तादाला धारेवर धरलं असतं. आयोवात दुसऱ्या अर्ध्यात ३५ गुणांची आघाडी झाली की घड्याळ थांबवत नाहीत, सामना लवकर उरकतो. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

हरण्यामुळे मूल बिघडत नाही. सातपैकी सहा हरूनही जे पोरगं सोमवारी सरावाला जातं त्याची काळजी मला वाटत नाही. चिरडलं जाणं मात्र वेगळं, ते थांबवायला हवं, आणि थांबवायचा रस्ता तुमच्याच पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत आहे.

आठ जणांचं फुटबॉल. तुमच्या मुलाला भीती आहे ना की सोळाच उरतील? सोळा म्हणजे आठाच्या दोन फळ्या. आज तुमच्याकडे १७ आहेत. म्हणजे दोन पूर्ण फळ्या आणि वर एक. एक फळी खेळेल, दुसरी श्वास घेईल. नववीतल्या पोराला वर्षभर बाहेर ठेवून वाढू देता येईल. मैदानही लहान असतं, १०० यार्डांऐवजी ८० यार्ड लांब आणि ४० यार्ड रुंद. लाइनमधली माणसं कमी, मोकळी जागा जास्त, धावणाऱ्या पोरांना वाव. आयोवात नववी ते अकरावीचा पट १२० पर्यंत असेल तर आठाच्या गटात राज्याच्या प्लेऑफला उतरता येतं. तुमची शाळा १०९ ची. म्हणजे दार उघडं आहे, आत जायचं की नाही एवढाच प्रश्न, आणि तो राज्य संघटनेत बसलेल्या कोणाच्या हातात नाही, तुमच्या गावाच्या हातात आहे.

जुनी मंडळी काय म्हणतात ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला पाठ आहे. ‘आठ जणांचं म्हणजे काही खरं फुटबॉल नव्हे.’ ‘आमच्या वेळी पंधरा पोरांनी अकराचं खेळलं.’ कोणीतरी इंडियानातल्या मिलानचं नाव काढेल. १६१ पोरांच्या शाळेने १९५४ मध्ये मन्सी सेंट्रलसारख्या मोठ्या शाळेला ३२-३० हरवून राज्य जिंकलं, ही गोष्ट मिडवेस्टमध्ये आपल्याकडच्या शिवकालीन गोष्टींसारखी सांगतात. गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण ते बास्केटबॉल होतं. पाच पोरं लागतात, एकमेकांच्या अंगावर आदळायचं नसतं, आणि एकाचा हात त्या दिवशी चालला तर सामना फिरतो. आणि त्याच इंडियानाने १९९७-९८ पासून बास्केटबॉललाही गट पाडले.

लहान टीमचं फुटबॉल ही काही आजची पळवाट नाही. १९३४ मध्ये, मंदीच्या काळात, नेब्रास्कातल्या हेब्रनला स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने सहा जणांचं फुटबॉल बसवलं, कारण आजूबाजूच्या लहान शाळांत अकरा पोरं उभी करता येत नव्हती आणि खेळ बंद पडत होता. टेक्सासच्या लहान गावांत आजही सहाचं चालतं, मिनेसोटा आणि साउथ डकोटात नवाचं. आठाचं खेळून पुढे कोणी गेलं नाही म्हणतील, तर १९९४ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यांत मोठा मान, मिळवणारा रशान सलाम शाळेत आठाचंच खेळला होता. आयडाहोतल्या रिगिन्ससारख्या चिमुकल्या गावातून आठाचं खेळून आलेल्या लेटन व्हँडर एशला २०१८ मध्ये डॅलस काउबॉइज या व्यावसायिक टीमने खेळाडूंच्या निवडीच्या पहिल्याच फेरीत घेतलं. तुमचा मुलगा तिथवर जाईल म्हणून सांगत नाही. त्या मंडळींना तोंडावर उत्तर हवं असेल तर असावं म्हणून सांगते.

तोटेही सांगून ठेवते, म्हणजे बैठकीत कोणी ते काढले तर तुम्ही गडबडणार नाही. जुने शेजारी प्रतिस्पर्धी सुटतात, बसचा प्रवास वाढू शकतो. जाडजूड पोरांच्या एक-दोन जागा जातात. आणि आठाच्या खेळातही ६०-७० गुणांचे डोंगर उभे राहतात, उलट मोकळ्या मैदानामुळे लवकर उभे राहतात. आठावर गेलं की जिंकायला लागू, असं कोणालाही सांगू नका. सांगायचं ते इतकंच की पोरं बदलता येतील. शेजारच्या शाळेशी मिळून एकच टीम करणं हाही एक रस्ता असतो, पण मग दोन्ही शाळांचा पट धरला जातो, आणि शर्टावर दुसऱ्या गावाचं नाव यायला गावं तयार नसतात. आधी आठाचं बघा.

आता यजमानांसाठी. डॉक्टर, तुमचा राग वाया घालवू नका. त्या बोर्डापुढे कोच बोलला तर लोक म्हणतील हा हरतोय म्हणून बोलतोय. पालक बोलला तर म्हणतील पोराचे लाड. गावाचा डॉक्टर उभा राहिला तर खोली ऐकते. तुम्ही त्यांच्या गुडघ्यांची, रक्तदाबाची, नातवंडांच्या जन्माची माणसं आहात. बोर्डाच्या बैठकीत लोकांना बोलायला थोडा वेळ ठेवलेला असतो, बहुतेक ठिकाणी आधी नाव द्यावं लागतं, मिनिटंही मोजून मिळतात. खासगी शाळेचं नाव काढू नका, ६२-० चंही काढू नका. या सीझनमध्ये सामन्यागणिक किती पोरं कपडे करून उतरली, त्यांत नववीतली किती, किती जण पूर्ण वेळ मैदानावर होती, एवढे आकडे कोचकडून घ्या आणि वाचून दाखवा. सरावाच्या वेळी ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारा माणूस, हजर असतो का, तेही विचारा. अकराचं ठेवा किंवा आठाचं करा, त्याचं उत्तर गावाला द्यावंच लागेल.

पुढची मांडणी होईल ती दोन वर्षांसाठी. मुलगा दहावीत आहे, तेव्हा नोव्हेंबरमध्ये जे ठरेल त्यातच त्याची पुढची वर्षं जाण्याची शक्यता आहे. नेमकं कोणत्या सीझनपासून लागू होणार, हे बैठकीआधी विचारून ठेवा.

आणि बैठकीच्या आधी घरातलं. त्याला समोर बसवून विचारू नका, दहावीतला मुलगा समोरासमोर बोलत नाही. गाडीत विचारा, रात्री, रस्त्याकडे बघत. ‘खेळू नकोस’ने सुरुवात करू नका. ‘चौथ्या क्वार्टरला तुझ्या पायांत किती जीव उरतो?’ असं वडिलांनी विचारावं. तो खरं सांगेल असं मला वाटतं, कारण हे त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. खेळायचं की नाही हे त्यानंतर त्याला ठरवू द्या. डोक्याला मार लागला असेल तर मात्र ते तुम्ही ठरवायचं, त्याने नाही.

सीझनचा शेवटचा सामना या किंवा पुढच्या शुक्रवारी असेल. ऑक्टोबर संपताना ते ॲल्युमिनियमचे ब्लीचर्स बसवत नाहीत इतके गार पडतात. जाड ब्लँकेट न्या, दोघंही जा, आणि सामना संपल्यावर तो कुंपणापाशी येईल तेव्हा बापाला पुढे होऊ द्या. बोर्डाने काय ठरवलं ते मला जरूर लिहा.